घरटी दोन घागरी

आजचा शास्त्रपाठ : आमोस ५:२१–२४ (वेळ असेल तर पहिले दोन अध्यायही वाचा)



आमोसाचं पुस्तक उघडलं की पहिल्याच वचनाशी लातूरचा माणूस थबकतो. संदेष्टा कोण, कुठल्या गावचा, कोणत्या राजांच्या काळातला, एवढं सांगून झाल्यावर तिथे एक कालखूण दिली आहे : हे सगळं भूकंपाच्या दोन वर्षं आधीचं. कुठला भूकंप, किती मोठा, काही नाही. लिहिणाऱ्याला ते सांगायची गरजच वाटली नाही, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. पुढे जखऱ्याच्या पुस्तकातही (१४:५) उज्जीया राजाच्या दिवसांतला तो भूकंप लोक विसरलेले नाहीत.

आमच्याकडे अजून असंच बोलतात. "थोरलीचं लग्न भूकंपाच्या आदल्या साली झालं." "धाकटा भूकंपानंतरचा." औसा-निलंगा भागात कुणी "कुठला भूकंप?" असं विचारलं तर समजावं, पाहुणा लांबचा आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. मी पाच वर्षांची होते. आम्ही लातूर शहरात राहायचो, आजी गावाकडे. पप्पा तिला शोधायला गेले आणि दोन दिवसांनी घेऊन आले. ती कशी वाचली याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं, ते पुढे सांगते.

त्याआधी एक गोष्ट. भूकंप आणि संदेष्टा एका वाक्यात आले की आपल्यातलं कुणीतरी लगेच म्हणतं, बघा, पापाची शिक्षा. किल्लारीबद्दलही असं बोललेलं मी ऐकलं आहे, आणि तेही उपासनेत. लूक १३ काढा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले होते, आणि ते काय यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते का, हा प्रश्न प्रभूने स्वतःच उभा करून स्वतःच नाही म्हटलं. तेव्हा तो विषय तिथेच मिटला. मेलेल्यांचा हिशेब करायचं काम आपल्याला दिलेलं नाही. आमोसही भूकंपाचा अर्थ लावत बसत नाही. तो जिवंत माणसांशी बोलतो.

आणि काय बोलतो! आजच्या पाठात देव म्हणतो की तुमचे सण मला नकोत, तुमच्या सभांचा मला वास सहन होत नाही, तुमची अर्पणं मी घेणार नाही, ती गाणी बंद करा. जरा आपल्या भाषेत आणून बघा. तीन दिवसांचं कन्व्हेन्शन, नवा साउंड सिस्टिम, कीबोर्ड, ड्रम, डोळे मिटून वर केलेले हात, आणि देव म्हणतोय आवाज कमी करा. मी स्वतः वर्शिप टीममध्ये आहे, म्हणून मला हे वचन वाचायला आवडत नाही हे प्रामाणिकपणे सांगते.

मग २४वं वचन. न्याय पाण्यासारखा वाहू द्या, नीतिमत्ता न आटणाऱ्या प्रवाहासारखी. मूळ इब्री शब्दांत बारमाही ओढ्याचं चित्र आहे. त्या देशात ओढे आपल्यासारखेच : पावसात दुथडी, उन्हाळ्यात नुसती वाळू आणि गोटे. ज्यांनी मे महिन्यात मांजरा पाहिली आहे त्यांना हे समजवावं लागणार नाही. आमोस तकोवाचा मेंढपाळ होता, उंबराची राखण करणारा. कोरड्या पात्रात उभं राहून पाणी शोधणं त्याला माहीत होतं. म्हणून "बारमाही" हा शब्द त्याने सहज वापरलेला नाही.

पण न्याय म्हणजे नेमकं काय? इथे आपली गल्लत होते. आपल्याला वाटतं आमोस म्हणतोय, गरिबांना आणखी द्या. वाचून बघा, दानाची त्या लोकांना कमी नव्हती. चौथ्या अध्यायात तो उपरोधाने म्हणतो की आणा, रोज सकाळी यज्ञ आणा, दशमांश आणा, तुम्हाला ते फार आवडतं. त्याची तक्रार वेगळीच आहे. आठव्या अध्यायात ती स्पष्ट येते : तुमचा एफा लहान, तुमचं वजन मोठं, तुमचा तराजू खोटा. म्हणजे त्याची तक्रार मापाबद्दल आहे.

आता किल्लारीकडे परत येते. भूकंपानंतर राज्य सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. जगभरातून माणसं धावून आली, त्यात चर्चच्या संस्थाही होत्या. त्या कामाला नावं ठेवायला मी बसलेले नाही. आजी शेवटपर्यंत आपल्या नव्या घराला देवाची देणगी म्हणायची आणि भिंतीवर हात फिरवायची. पण घरं तीन मापांची होती. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००. सात हेक्टरच्या वर असेल त्याला ७५०.

आजीला २५०. त्या घरात ती, काका, काकू आणि चार लेकरं.

हे आकडे मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचले आणि संताप आला. घर जमिनीला लागतं की माणसाला? पण नंतर मी एका वडीलधाऱ्या माणसाशी भांडत होते, तर ते म्हणाले, बाई, दुसरी बाजूही बघ. शेतकऱ्याला बैल असतात, धान्याची पोती असतात, औतं असतात, त्याला जागा जास्त लागते. शिवाय ज्याचं जास्त गेलं त्याला जास्त मिळावं, यात अन्याय काय? शास्त्रातही ज्याचं जेवढं नुकसान तेवढी भरपाई, असं निर्गम २२ मध्ये आहेच.

मला गप्प बसावं लागलं. आणि इथे एक उलटीच गोष्ट समोर आली. आजी वाचली ती तिच्या पत्र्याच्या खोपटामुळे. गावातली मोठी घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जड थर. ती कोसळली आणि आतली माणसं दबली. गावाबाहेरच्या वस्तीत पत्रे आणि कुडाची घरं होती, तिथली माणसं बहुतेक बाहेर आली. शंभर वर्षं ज्या गरिबीने जागा दिली नाही, त्या एका पहाटे तिनेच जीव वाचवला. तेव्हा "ज्याचं जास्त गेलं" हे खरंच आहे. मोठ्या घरांनी जास्त माणसं गमावली. त्यांच्या दुःखासमोर चौरस फुटांचा हिशेब मांडायला जीभ रेटत नाही.

तरीही प्रश्न राहतोच. भरपाई हे एक माप आहे, गरज हे दुसरं. दोन्ही न्यायाचीच मापं आहेत. मग कुठे कोणतं लावायचं? निर्गम २२ मध्ये चोराने बैल नेला तर बैलाची भरपाई आहे. पण त्याच पुस्तकात सहा अध्याय आधी, सगळी मंडळी रानात उघड्यावर पडलेली असताना, देवाने मान्ना दिला तेव्हा कोणतं माप ठरवलं? माणशी एक ओमर. तंबूत जेवढी डोकी तेवढे ओमर. मिसरात कुणाचं घर केवढं होतं, कुणाची किती गुरं मागे राहिली, हे देवाने विचारलं नाही. ज्याने जास्त गोळा केलं त्याच्याजवळ उरलं नाही, ज्याने कमी केलं त्याला कमी पडलं नाही. मला वाटतं, छप्पर आणि भाकर आणि पाणी यांच्या बाबतीत शास्त्राचं झुकणं या बाजूला आहे : आधी डोकी मोजा. बैलाचा गोठा नंतर बांधून द्या, अवश्य द्या. मत्तय २० मधला मळ्याचा मालकही संध्याकाळी पाचला आलेल्या मजुराला पूर्ण रोज देतो. तास मोजले असते तर त्याला चार आणे मिळाले असते. पण त्याच्या घरची पाच तोंडं दिवसभर भुकेलीच होती, आणि तो अड्ड्यावर उभा राहिला तो आळसाने नाही, कुणी बोलावलं नाही म्हणून.

एवढं सगळं मला कळत होतं, बायबल स्टडीत मी हे ऐटीत सांगतही होते. मग २०१६ आलं.

त्या वर्षीचं लातूर तुमच्यापैकी अनेकांनी बातम्यांत पाहिलं असेल. मांजरा धरण कोरडं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी होऊन मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी, कलम १४४, लागली. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी यायला लागली, शंभरावर फेऱ्या झाल्या. आणि हे सगळं साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात, जिथे उसाइतकं पाणी पिणारं दुसरं पीक नाही. आमोसाच्या चौथ्या अध्यायात एका गावाला पाऊस आणि दुसऱ्याला नाही, दोन-तीन गावांची माणसं पाण्यासाठी एका गावाकडे लडखडत जातात, अशी वचनं आहेत. तो अध्याय त्या एप्रिलमध्ये मी वाचू शकले नाही.

आमच्या तरुण संघाने वर्गणी काढली आणि आठवड्याला एक टँकर ठरवला. जात-धर्म न बघता सगळ्यांना पाणी, हे आम्ही मोठ्या अभिमानाने ठरवलं. टँकर आवारात उभा राहायचा, पाइप लावायचा, आणि मी वही घेऊन दाराशी बसायचे. नियम मीच केला होता : घरटी दोन घागरी. सगळ्यांना सारखं. याहून न्यायाचं काय असणार?

दुसऱ्या टँकरला मागच्या वस्तीतली एक बाई आली. तिच्या दोन घागरी भरल्या, तरी हलेना.

"ताई, आमी घरात नऊ माणसं हाव," ती म्हणाली. "तुमी किती हाव?"

मी म्हणाले, तिघं.

ती काही बोलली नाही. मीही नाही. तिने एक घागर डोक्यावर, एक कमरेवर घेतली आणि गेली. मी वहीत तिच्या नावापुढे दोन अशी खूण केली, कारण नियम तो नियम. त्याच संध्याकाळी टँकरसमोरचा आमचा ग्रुप फोटो फेसबुकवर टाकला. लाइक्स भरपूर आले. रात्री झोपताना मला ओमर आठवला. चौरस फुटांवरून सरकारला बोल लावणारी मी, माझ्या हातात माप आल्यावर मी काय केलं? त्यांनी जमीन मोजली, मी दरवाजे मोजले. डोकी दोघांनीही मोजली नाहीत.

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. टँकर आवारात उभा राहायचा म्हणजे आमच्या गल्लीतल्यांना दोन पावलं आणि मागच्या वस्तीला अर्धा किलोमीटर. निरोप आधी आम्हाला मिळायचा. ती माणसं पोचेपर्यंत रांग लागलेली असायची. "सगळ्यांना मोकळं आहे" असं आम्ही म्हणत होतो, आणि ते खरंही होतं. फक्त जागा आम्ही निवडली होती.

जागा निवडण्यावरून मला जामखेडची गोष्ट सांगितलीच पाहिजे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर जोडपं १९७० साली जामखेडला आलं. जामखेड नगर जिल्ह्यात, पण बीड आणि धाराशिवला अगदी लागून, म्हणजे दुष्काळ तोच आणि माणसंही तीच. आले तर होते दवाखाना चालवायला. १९७२च्या दुष्काळात त्यांना दिसलं की पोरं औषधावाचून कमी आणि पाण्यावाचून, अन्नावाचून जास्त मरतात. मग कूपनलिका खणायचं ठरलं. दलितांना गावाच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. कुणी वरून ओतलं तर घ्यायचं, नाहीतर वाट बघत बसायचं. आता दोन मार्ग होते. पंप गावाच्या मध्यावर बसवायचा आणि "हा सगळ्यांसाठी आहे" अशी पाटी लावायची. किंवा दुसरा. त्यांनी अनेक गावांत पंप दलित वस्तीत बसवले. पाणी सगळ्यांनाच मोकळं. पण आता पाण्यासाठी चालत यायची पाळी वरच्या आळीची होती. काही दिवस कुरकुर झाली असेल, नंतर तहान जिंकली. भाषण नाही, मोर्चा नाही. फक्त पंपाची जागा. त्याच जामखेडमध्ये शाळेची पायरी न चढलेल्या गावातल्या बायका, त्यांत पुष्कळ दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या आणि ज्या घरांच्या उंबऱ्याबाहेर त्या उभ्या राहायच्या त्याच घरांत बाळंतपणं करायला लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते काम आजही चालू आहे.

मला या गोष्टीत सगळ्यात काय भिडतं सांगू? त्यांनी दया आणि न्याय यांत निवड केली नाही. तहानलेल्याला पाणी दिलंच. पण देताना एक प्रश्न जास्तीचा विचारला : हा पंप इथे का आणि तिथे का नाही? प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय आठवा. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या. प्रेषितांनी त्यांना "बहिणींनो, कुरकुर करू नका, प्रार्थना करा" असं सांगितलं नाही. वाटपाची व्यवस्थाच बदलली, सात जण नेमले. त्या सातांची नावं बघा, सगळी ग्रीक! ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातात माप दिलं. पेंटेकॉस्टनंतरची, आत्म्याने भरलेली मंडळी हे करत होती.

आता आमोसाची एक युक्ती सांगते. पहिल्या दोन अध्यायांत तो आधी शेजाऱ्यांवर तोफ डागतो. दिमिष्काची पापं, गज्जाची, सोराची, अदोमाची, अम्मोनाची, मवाबाची. ऐकणारे माना डोलावत असतील, आमेन म्हणत असतील. मग यहूदा. आणि मग तो वळतो, आणि आता इस्राएल, तुमचं काय?

मीही आत्तापर्यंत सरकार, साखर कारखाने, वरची आळी असं करत आले. आता आपलं.

मी हल्ली नोकरीसाठी नांदेडला आहे. या जिल्ह्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि त्यानंतर मराठवाडाभर दलित वस्त्या जळाल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे या मातंग समाजाच्या माणसाला मारलं. "जय भीम" म्हणणं त्यांनी सोडलं नाही, असं सांगतात. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. मराठवाड्यातल्या आपल्या मंडळ्यांत किती कुटुंबं मूळची मातंग आणि महार आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको. तरी पोचीराम कांबळे हे नाव मी कॉलेजात जाईपर्यंत ऐकलं नव्हतं. घरात नाही, संडे स्कूलमध्ये नाही. आमोस ६:६ मध्ये उत्तम तेल लावून वाडग्याने द्राक्षारस पिणाऱ्यांबद्दल म्हटलं आहे की योसेफाच्या विनाशाचं त्यांना दुःख नाही. आपण तेल लावणारे नव्हतो, गरीबच होतो. भीतीही असेल. मी आमच्या म्हाताऱ्यांना दोष देत नाही, त्यांनी काय सोसलं ते त्यांनाच माहीत. पण आता भीती कशाची आहे?

आपण न्याय मागतो तेव्हा काय मागतो तेही बघा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. २०२२ साली त्यावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला गेला. म्हणजे बाप्तिस्मा घेतला की कागदावरची जात जाते, गावातली मात्र जात नाही. हा अन्याय आहे, आणि तुमच्यापैकी कितीतरी जणांनी दाखल्यावर एक आणि रविवारी एक असं आयुष्य काढलं आहे. त्याचा न्याय करायला मी कोण? ज्याची फी भरायची आहे, ज्याला वसतिगृह हवं आहे, त्याची ओढाताण त्याला विचारा.

पण सरकारला "आमची जात अजून गेलेली नाही, मान्य करा" असं सांगणारे आपण, लग्नाच्या बायोडेटात काय लिहितो? मागच्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीचं स्थळ मोडलं. दोघंही बाप्तिस्मा घेतलेली, दोघंही एकाच गायनसंघात. मुलाकडचे म्हणाले, प्रभूमध्ये सगळे एक आहोत, पण नातेवाईकांना काय सांगायचं? गलतीकरांस ३:२८ दोन्ही घरांत भिंतीवर फ्रेम करून लावलेलं आहे.

इथे कुणीतरी म्हणणार, चर्चमध्ये राजकारण नको. हे वाक्य मला पाठ आहे. २०१६ साली, त्या बाईच्या प्रश्नानंतर, आम्ही नियम बदलला : घरात माणसं किती, त्यावर पाणी. टँकरही एक आठवडा आड मागच्या वस्तीत उभा करायचं ठरलं. तेव्हा वर्गणी देणाऱ्यांपैकी एक जण चिडले. बंगल्यात दोघंच राहायचे, पाचशे रुपये दिले होते, आणि आता त्यांना एक घागर. "पाणी वाटा, पुण्य करा, पण हे भलतं राजकारण मंडळीत आणू नका," असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं.

आमोसाला हेच ऐकावं लागलं होतं. सातव्या अध्यायात बेथेलचा याजक अमस्या त्याला म्हणतो, तू आपल्या देशात जा, तिकडे भाकर खा, तिकडे संदेश दे. इथे नको, हे राजाचं पवित्रस्थान आहे. गंमत बघा, राजकारण कुणी आणलं होतं? देवाच्या मंदिराला राजाचं मंदिर म्हणतोय तो याजक, आणि राजकारणाचा आरोप मेंढपाळावर.

तरी या आक्षेपात एक खरी भीती आहे, ती मी झटकून टाकणार नाही. न्यायाच्या मागे लागता लागता माणूस प्रार्थना सोडतो, प्रत्येकाकडे शत्रू म्हणून बघायला लागतो, स्वतःला सगळ्यांपेक्षा शुद्ध समजतो. मी हे स्वतःमध्ये पाहिलं आहे. चौरस फुटांवरून भांडताना मला माणशी ओमरापेक्षा माझं बरोबर असणं जास्त प्रिय होतं. त्या बाईने मला त्यातून खेचून काढलं, आणि तेही न भांडता. तारण कृपेनेच आहे, टँकरने नाही. पण ज्याला फुकट मिळालं त्याने दुसऱ्याला मोजून कमी द्यावं, हे मात्र मला कोणत्याही वचनात बसवता आलेलं नाही. "गरीब तर नेहमी तुमच्याजवळ आहेत" हे वचन आपण सुस्कारा सोडून म्हणतो. प्रभू ते अनुवाद १५:११ वरून घेतो, आणि तिथलं पुढचं वाक्य हात सैल सोडण्याची आज्ञा आहे. आपण अर्ध्यावरच थांबतो.

आमच्या टँकरचं पुढे काय झालं? नवा नियम तीन आठवडे चालला. वर्गणी कमी झाली, मग पाऊस आला, मग सगळे विसरले. बारमाही नव्हता तो ओढा. पुढच्या उन्हाळ्यात मागच्या वस्तीला पाणी कुठून येतं हे विचारायला आमच्यातलं कुणी गेलं नाही. मी पण नाही गेले, माझी नोकरी लागली होती.

ती वही मात्र माझ्याकडे आहे. परवा नांदेडच्या खोलीत सामान आवरताना सापडली. पहिल्या पानांवर नाव आणि पुढे दोन, दोन, दोन. नंतरच्या पानांवर पट्टीने आखलेला एक नवा रकाना आहे : माणसं किती. त्यात पहिलंच नाव तिचं, आणि पुढे नऊ. या रविवारी तरुण संघात नाताळच्या ब्लँकेट वाटपाची मीटिंग आहे. यादी करायचं काम या वर्षीही माझ्याकडेच आलं आहे. मागच्या वर्षीची यादी मी काढून बघितली. घरटी एक ब्लँकेट.

प्रार्थना : प्रभू, ती बाई आणि तिच्या घरची माणसं जिथे असतील तिथे त्यांना पाणी असू दे. मी तिला नऊ माणसांसाठी दोन घागरी दिल्या, मला क्षमा कर. रविवारी बोलायची हिंमत दे, आणि बोलताना माझा आवाज चढू देऊ नकोस. आमेन.

उद्याचा शास्त्रपाठ : लूक १६:१९–३१